आधी पाणी, मग पक्षी

सप्रेम आशीर्वाद.

डहाणूजवळच्या बोर्डीच्या किनाऱ्यावर दोन तास घालवूनही कावळे आणि कुरव यांखेरीज काही दिसले नाही, म्हणून आपली नजरच कच्ची आहे की काय आणि नवी दुर्बीण घ्यावी का, असे तू विचारले आहेस. नजरेचा किंवा दुर्बिणीचा येथे काहीही संबंध नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तू अकराला पोहोचलीस, म्हणजे ऐन भरतीच्या तोंडावर. ज्या चिखलात किनाऱ्यावरचे पाणपक्षी चरतात तो चिखलच तेव्हा पाण्याखाली होता. आधी पाणी पाहावे, मग पक्षी.

कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. मुंबईहून डहाणूकडे जाताना यात थोडा फरक पडतो, परंतु दिवस ठरवायला एवढा हिशोब पुरतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते.

तू नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पक्षी पाहायला शिकलीस, त्यामुळे पहाटे पोहोचले की झाले, असे तुझ्या मनात पक्के बसले आहे. पण तेथे तरी दुसरे काय असते? दारणा-गंगापूर धरणांचे पाणी येऊन बंधाऱ्याची पातळी चढली की गाळाची बेटे बुडतात आणि तलवार बदके, थापटे अशा पोहणाऱ्या बदकांना मोकळे रान मिळते. पाणी उतरले की त्याच बेटांवर शेकाटे आणि तुताऱ्या हे चिखलात चालणारे पक्षी उतरतात. २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव झाले, तेव्हापासून गर्दी वाढली. पातळीची चौकशी करून निघणारे मात्र आजही थोडेच.

छोटे पक्षी सगळे सारखेच करडे दिसतात, ही तुझी तक्रार खरी आहे, कारण हिवाळ्यात त्यांच्या अंगावर विणीचे रंग नसतात. तेव्हा रंग सोडून चाल पाहा. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, टिपतो आणि पुन्हा धावतो. टिलवा मान वर न करता टोचत पुढे सरकतो. मालगुजा लांब चोच पार मुळापर्यंत चिखलात रुतवतो. हे सारे चरतानाच दिसते. भरतीला हेच पक्षी खाजणात किंवा मिठागराच्या बांधावर एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून बसतात. मग ना चोच दिसते, ना चाल. म्हणून पुन्हा सांगतो, आधी पाणी.

या हट्टापायी माझ्याबरोबर येणारे कमी झाले. सुट्टीचा वार मोडून तिथी धरणारा माणूस कोणाला सोयीचा वाटत नाही, आणि एक जिवाभावाचा सोबती याच कारणाने दुरावला, याची खंत मला आहे. तरीही भरल्या समुद्रासमोर मंडळींना उभे करून त्यांचा दिवस वाया घालवणे मला कधी पटले नाही, आजही पटत नाही.

येत्या संकष्टीला, म्हणजे वद्य चतुर्थीला, भरती दुपारी तीनच्या सुमारास आहे. पहाटे नाशिकहून निघून त्र्यंबक-जव्हारमार्गे गेलो तर दहा-अकरापर्यंत किनाऱ्यावर बसता येईल, आणि चढते पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे आणील. बसल्यावर पुढे सरकायचे नाही, ही माझी अट. संकष्टी कोणत्या वारी येते ते कॅलेंडरमध्ये पाहा आणि आजच रजेचा अर्ज टाक.