प्रवाळांना अभयारण्य नव्हे, आसरा

एका वाचकाचा प्रश्न: समुद्र तापत चालला असताना प्रवाळ जिथे तग धरून राहतील, अशा जागांना शास्त्रज्ञ ‘रेफ्युजिया’ म्हणतात. मराठीत ‘अभयारण्य’ म्हणावे की ‘आश्रयस्थान’?

‘अभयारण्य’ मुळीच नको. समुद्रात अरण्य कुठून आले, हे सोडून देऊ. पण अभय कोणीतरी द्यावे लागते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, तो सरकारी हुकूम. हुकमाने जाळी थांबतील, बोटींचे नांगर थांबतील, तापलेले पाणी थांबणार नाही. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला अकाबाचे आखात आहे. तिथले प्रवाळ उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर पाच अंशांपर्यंत सोसतात, असे प्रयोगांत दिसले आहे. कारण काय? हिमयुग ओसरल्यावर त्यांचे पूर्वज दक्षिणेकडून, बाब-अल-मंदेब या सामुद्रधुनीच्या उष्ण पाण्यातून आत आले. ज्यांना तो ताप सोसला तेच पुढे उत्तरेला पोचले, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. यात अभय देणारा कोणीच नाही.

‘रेफ्युजिया’ही मला खटकतो. त्या लॅटिन शब्दाच्या पोटात ‘पळणे’ हा धातू आहे. प्रवाळाची अळी थोडे दिवस पोहते, एकदा खडकाला चिकटली की जन्मभर तिथेच. ती पळणार कुठे? याउलट ‘आश्रय’मधला ‘श्रि’ धातू म्हणजे टेकणे, आधाराने राहणे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. टेकणाऱ्यांचे हे जग आहे.

मग ‘आश्रयस्थान’ का नको? चुकीचे नाही, पण ‘आसरा’ हाताशी असताना ते कशाला? आश्रयापासून आसरा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मराठीत दुसराही ‘आसरा’ आहे: साती आसरा, पाण्यातल्या सात देवता. तो आला ‘अप्सरा’वरून, म्हणजे अप् + सृ, पाण्यात संचार करणारी. पहिला पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी. जाणकार म्हणतात, हे निव्वळ ध्वनिसाम्य, दोघांचा काही संबंध नाही. व्युत्पत्तीपुरते मान्य! पण शब्द कोशात जगत नाहीत, आणि हे पंडित कधी डोहावर गेलेले दिसत नाहीत. शब्दांची मुळे वेगळी असली तरी बोलणाऱ्यांच्या मनात ते एकमेकांत मिसळले, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या गावाखाली नदीच्या वळणावर डोह आहे. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि नारळ. आजी बजावायची, “आसरांच्या डोहात गळ टाकायचा नाही.” मे महिन्यात बाकीच्या पात्रात नुसते गोटे उरत, सगळे मासे त्या डोहात. मृगाचा पाऊस पडून पाणी वाहते झाले की तेच मासे वर ओढ्यापर्यंत चढत. शास्त्रज्ञांनाही प्रवाळांच्या बाबतीत नेमके हेच हवे आहे: वाईट काळात बी टिकावे आणि पुढे तिथूनच ते बाहेर पसरावे. आश्रयस्थानात हा दुसरा अर्धा भाग नाही. आसरांच्या डोहात तो दरवर्षी दिसायचा.