वडिलांची जुनी दुनळी बंदूक आतून गंजली आहे. पॉलिश पेपरने घासली तर चालेल का?

पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पश्चात शेतीसंरक्षणाची बाराबोअर दुनळी रीतसर तुमच्या नावावर झाली, नळ्यांत तांबूस गंज आणि काळे ठिपके दिसतात, आणि घरात दरवर्षी न चुकता खोबरेल तेल लावत असूनही हे झालं. आमच्या कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत आहेत आणि बहुतेकींची हीच तक्रार आहे. मी अशी एक जुनी दुनळी बरीच वर्षं सांभाळतो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तेल लावूनही गंज का चढतो? कारण तेलाखाली क्षार राहिलेला असतो. ठासणीच्या बंदुकीत आणि जुन्या काडतुसांत काळी दारू असायची: साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ती जळली की निम्म्याहून अधिक वजनाची घन राख मागे उरते आणि त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. पुढे बिनधुराची दारू आली, तिची राख फारच कमी. पण जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून जे उरतं ते खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच नळीत होतं. तेलात क्षार विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. तो विरघळतो फक्त पाण्यात. म्हणून जुन्या नळीला आधी पाणी, मग कोरडेपणा आणि शेवटी तेल. हा क्रम उलटला की तेलाच्या थराखाली गंज आपलं काम करत राहतो.

हात लावण्याआधी बंदूक सांध्यातून उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. पुढचं लाकूड काढा, लिव्हर दाबून नळ्या वेगळ्या करा. आता खिडकीतल्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत बघा. चांगल्या नळीत उजेडाची गोल वलयं एकात एक दिसतात. वलय कुठे मोडलेलं दिसलं तर बाहेरून पोचा आहे. पूर्ण गोल गडद कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे, म्हणजे कधीतरी आत चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार उडाला असावा. रुपेरी करड्या रेघा म्हणजे छर्‍यांचं शिसं. ते बहुधा काडतुसाच्या घराच्या लगेच पुढे आणि तोंडाजवळ चोकमध्ये, म्हणजे नळी किंचित आवळत जाते त्या भागात बसतं. तांबूस, बोटाला लागणारा तो जिवंत गंज. काळे, खोलगट, न हलणारे ठिपके म्हणजे गंजाने पूर्वीच खाऊन ठेवलेले खड्डे.

खड्डे घासून जाणार नाहीत. ते काढायचे तर आजूबाजूचं सगळं पोलाद त्यांच्या तळापर्यंत उतरवावं लागेल, म्हणजे नळी पातळ होईल. पॉलिश पेपर नको म्हणतो तो याचसाठी. खड्डे असलेली पण स्वच्छ, कोरडी नळी आरशासारख्या घासलेल्या पातळ नळीपेक्षा कितीतरी बरी. आपलं काम जिवंत गंज थांबवायचं, एवढंच.

आता धुणं. नळ्यांची तोंडं बादलीत टेकवा आणि मागून नरसाळ्याने उकळतं पाणी ओता, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब. गजाला सुती फडकं गुंडाळून वर-खाली करा, काळं पाणी येतं ते स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी साधं आणि चांगलं कढत घ्या. नळी तापली की ती स्वतःच बरीचशी सुकते. मात्र दोन नळ्यांच्या मधली पट्टी कथील-शिशाच्या झाळणीने बसवलेली असते. ती कुठे सुटली असेल तर पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. म्हणून आधी ही परीक्षा करा: नळ्या एका दोरीला टांगा आणि बोटाच्या पेराने टकटक करा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर झाळण शाबूत. आवाज बद्द किंवा खरखरता आला तर पाणी ओतू नका, ओलसर फडक्यानेच आतून पुसा आणि बंदूक कारागिराकडे न्या.

नळी हाताला कोंबट लागतेय तोवर आत पातळ तेल भरपूर लावा आणि रात्रभर राहू द्या. गंज जास्त असेल तर तेलाऐवजी रॉकेल चालतं, मिळालं तर. सकाळी फॉस्फर ब्राँझचा ब्रश घ्या, लोखंडी तारेचा नको. मागून घालायचा, तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, मग परत ओढायचा; मध्येच उलट फिरवला तर केस मोडतात. शिसं चिवट असेल तर जुन्या ब्रशवर चार शून्याची, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूल तेलात भिजवून गुंडाळा. हातमोजे घाला आणि ती फडकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका, शिसं विषारी आहे. कुणी जुना माणूस पारा ओतायला सांगेल. अजिबात ऐकू नका. त्याची वाफ विषारी, शिवाय तो झाळणही खातो. काडतूस बाहेर ढकलणारा तुकडा असतो ना, त्याच्या खालची खाच टूथब्रशने साफ करा. सगळ्यात जुना गंज मला नेहमी तिथेच सापडतो.

बाहेरून तर आणखी जपून. आपल्याकडे पितळ-तांबं चिंचेने लखलखीत करायची सवय आहे. बंदुकीला चिंच, लिंबू, राख, विटेची पूड यांतलं काहीही लावायचं नाही. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा भोवऱ्यांसारखी नक्षी दिसत असेल तर ती डमास्कस नळी: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, घणाखाली जोडलेली. आंबटाने ती नक्षी खाल्ली जाते. अशा जुन्या नळ्यांपैकी पुष्कळ काळ्या दारूच्या दाबासाठीच केलेल्या आहेत. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर ठसे असतात. इंग्लिश बंदूक असेल तर लंडनचे किंवा १८१३ साली सुरू झालेल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची दाबाची चाचणी घेऊन ठसा मारणाऱ्या संस्थेचे. तिथे ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी चाचणी झाल्याचं, असं काही नसेल तर आजची काडतुसं घालू नका. काडतुसाच्या घराची लांबीही बघून घ्या. जुनी घरं बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. आज ७० मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळतात. लांब काडतूस आखूड घरात बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.

म्हणून बार काढण्याआधी एकदा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवाच. नळीची जाडी आणि आतला व्यास त्याला मोजून ठशांशी ताडायला सांगा. तो नव्याने काळा रंग चढवू म्हणाला तर कोणत्या पद्धतीने ते विचारा. गरम कॉस्टिकच्या टाकीत दुनळी बुडवली की पट्टीची झाळण सुटते; दुनळीला हळूहळू गंज धरवून काळी करायची जुनी रीतच योग्य. विनापरवाना लोहाराकडे नेऊ नका, कायद्याने ते चालत नाही. तोंडाशी फुगलेली नळी कापून आखूड करणं आणि क्रमांक घासून जाणं हेही शस्त्र कायद्यात बसत नाही, तेव्हा बाहेरून पुसताना क्रमांकावर हात हलका ठेवा.

खोबरेल तेलाबद्दल. ते थंडीत थिजतं, खवट होतं, चिकट थर धरतं. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा चांगलं, बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तमच. दस्त्याच्या लाकडाला मात्र जवसाचं तेल. जूनच्या आधी नळीला आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ हात द्या, आणि बार काढण्यापूर्वी तो पूर्ण पुसायला विसरू नका. कापडी किंवा चामडी खोळीत बंदूक कधीच ठेवू नका, खोळ ओल धरते. कुलपाच्या कपाटात, भिंतीला न टेकता, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरून लाकूड कुजवत नाही. श्रावणात पंधरवड्यातून एकदा कोरडं फडकं फिरवा आणि पुन्हा तेल लावा.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश बऱ्याचदा येतो आणि ती दमट खोलीत महिनाभर किंवा जास्तही पडून राहते. जमा करायच्या आदल्या दिवशी ग्रीस लावा, नळीचे आतून-बाहेरून फोटो काढा, पावती जपून ठेवा. परत मिळाली की त्याच संध्याकाळी उजेडाकडे धरून वलयं बघा.