बोलण्याला घातलेली शर्त

"पहिल्या वर्षी मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते, आणि आता मला काहीच येत नाही." हे वाक्य मी जर्मनच्या बी-वन पातळीवर रखडलेल्या अभियंत्यांकडून ऐकले आहे आणि जपानीच्या एन-थ्री परीक्षेत दोनदा अडलेल्या मुलांकडूनही ऐकले आहे. पुण्यात परदेशी भाषा शिकणाऱ्यांची वर्दळ मोठी असल्यामुळे ही तक्रार माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वरचेवर येते. गेल्या महिन्यात ती एकाच आठवड्यात तिघांकडून ऐकली, तेव्हा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची हकिगत लिहावी असे वाटले. तिची भाषा जर्मन नव्हती आणि जपानीही नव्हती. ती उझ्बेक शिकत होती. आपण तिला मुक्ता म्हणू. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुक्ता अमेरिकेतील एका विद्यापीठात मध्य आशियाच्या इतिहासाचा अभ्यास करत होती. 1483 मध्ये अंदिजानला जन्मलेल्या बाबराने आपल्या आठवणी ज्या चगताई तुर्कीत लिहिल्या, तिची आजची वारस म्हणजे उझ्बेक, आणि म्हणून ही भाषा शिकणे तिच्या अभ्यासाला आवश्यक होते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तीनच विद्यार्थी होते, त्यामुळे कोणाच्या आड लपण्याची सोय नव्हती. आमच्या भेटी व्हिडिओ कॉलवर होत. तिची सकाळ असे आणि माझी संध्याकाळ.

पहिल्या भेटीत तिने तक्रारींची यादीच वाचून दाखवली. वर्गात ती लॅटिन लिपी शिकली होती, कारण उझ्बेकिस्तानने 1993 मध्ये कायदा करून ती स्वीकारली. परंतु 1940 पासूनची पुस्तके आणि वर्तमानपत्रे रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत असल्यामुळे ग्रंथालयात गेल्यावर तिला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागत होती. पाठ्यपुस्तकात ‘मी जातो आहे’ याला ‘केत्यापमान’ म्हणतात, आणि ताश्कंदचा माणूस बोलताना ‘केत्वोम्मान’ म्हणतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनीही तिला दगा दिला होता. ‘ताक्लिफ’ ऐकून तिने समोरच्याला त्रास होत असल्याची समजूत करून घेतली, तर तो तिला घरी जेवायला बोलावत होता. उझ्बेकमध्ये त्या शब्दाचा अर्थ आमंत्रण असा आहे.

"मॅडम, माझ्यात भाषेचं अंगच नाही," असे म्हणून तिने यादी मिटली.

मी तिला आधी एक हिशेब करायला लावला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना उझ्बेकसारखी भाषा कामापुरती यायला सुमारे 1100 तासांचे वर्ग धरते. मुक्ताचे तोपर्यंतचे तास जेमतेम 230 भरत होते. ती म्हणाली, "म्हणजे मी अजून पाचव्या हिश्श्यावर आहे?" मला वाटले, काम झाले. पुढच्या आठवड्यात ती तितकीच खचलेली होती. हिशेब तिला पटला होता, पण त्याने तिला धीर आला नव्हता. हा माझा जुना दोष आहे. पुरावा समोर ठेवला की माणूस हलतो, असे मला अजूनही वाटते.

तिसऱ्या भेटीत मी तिला त्या दिवशीचा धडा दाखवायला सांगितले. धडा सहायक क्रियापदांचा होता, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रडवणारा हाच भाग असतो असे ती म्हणाली. "हे बघा, ‘ओक़िब चिक़मॉक़’. ‘ओक़िब’ म्हणजे वाचून आणि ‘चिक़मॉक़’ म्हणजे बाहेर पडणे. दोन्ही मिळून इंग्रजीत ‘टू रीड थ्रू’. यात तर्क काहीच नाही. अशा ढीगभर जोड्या घोकाव्या लागतात."

"हेच मराठीत सांग."

"मराठीत? वाचून…" ती थांबली. "वाचून काढणे."

मी काही बोलले नाही. तिने पुस्तक पुन्हा जवळ ओढले आणि बोट ठेवत खाली जाऊ लागली. "‘यॉज़िब क़ोयमॉक़’, लिहून ठेवणे. ‘बॉरिब केलमॉक’, जाऊन येणे. ‘येब कोरमॉक’…" इथे ती मोठ्याने हसली. "खाऊन बघणे! अहो, खरंच ‘खाणे’ आणि ‘बघणे’!"

वाचून संपवताना उझ्बेक माणूस ‘बाहेर पडतो’ आणि मराठी माणूस ‘काढतो’, एवढाच काय तो फरक. क्रियापद शेवटी ठेवणे आणि नामाला मागून प्रत्यय लावणे या गोष्टीही तिच्या जिभेवर लहानपणापासून होत्या. पाठ्यपुस्तक इंग्रजीतले आणि वर्गही इंग्रजीतून चालणारा, म्हणून तिने आपली मराठी चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवली होती, आणि आत जाऊन अनवाणी चालताना पाय भाजतात म्हणून ती स्वतःला दोष देत होती. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. ‘मराठीत सांग’ हे मी केवळ मला समजावे म्हणून म्हटले होते. तरीही त्या संध्याकाळी मी स्वतःवर जरा खूश होते, हे कबूल करते.

तिने त्या दिवसापासून एक मराठी वही सुरू केली. ‘केलिब्दी’ या रूपापुढे तिने ‘आला वाटतं, आपण काही पाहिलं नाही’ असे लिहिले, आणि वर्गातल्या दोघांना अर्धा तास समजावून सांगूनही न उमगलेली ती गोष्ट तिला एका ओळीत कळली. वाचन सुधारले, परंतु बोलणे सुधारले नाही. वर्गात तिची पाळी आली की ती मनात वाक्य जुळवत बसे, आणि ते निर्दोष जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे.

ज्या भेटीचे मला अजून अप्रूप वाटते ती सहावी. मी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे, आणि माणसाच्या वाक्यांत हट्ट कुठे दडला आहे ते शोधण्याची मला सवय आहे. मी तिला विचारले, "‘मला आलं पाहिजे’ याला उझ्बेकमध्ये काय म्हणतात?"

"दोन तऱ्हा आहेत. ‘बिलिशिम केराक’, म्हणजे मला यायला हवं, गरज आहे. आणि ‘बिलिशिम शर्त’ म्हटलं तर आलंच पाहिजे, सुटका नाही."

"शर्त? ‘अटी व शर्ती लागू’ मधली?"

"तीच. मूळ अरबी शब्द एकच आहे. तिकडेही त्याचा अर्थ अट असाच होतो."

"मग तू बोलण्याला कोणती शर्त घातली आहेस?"

पडद्यावरचे चित्र अडकले की काय, असे मला वाटले, इतका वेळ ती हलली नाही. मग ती सावकाश म्हणाली, "एकही चूक होणार नसेल तरच मी तोंड उघडेन. आणि ही शर्त बाईंनी घातलेली नाही. मीच घातली आहे."

"ती मोडता येते का, त्या भाषेत?"

"येते. ‘शर्त एमास’. म्हणजे सक्ती नाही." तिने वही ओढून लिहिले आणि मला वाचून दाखवले: "खतॉ क़िलमास्लिक शर्त एमास. चूक न करणे बंधनकारक नाही." पुढे ती आपणहून म्हणाली, "पण ‘केराक’ राहू दे. मला यायला हवं आहे, ते खरंच आहे."

इच्छा ठेवून हट्ट सोडणे, हे जे मी एरवी चार चार भेटी खर्चून समजावते, ते तिने दोन शब्दांत, आणि मला न येणाऱ्या भाषेत, करून दाखवले.

असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी काही गोष्टी आग्रहाने सांगते. दुसऱ्या वर्षाची मंदगती हा बहुधा भ्रम असतो. पहिल्या वर्षी शिकलेला प्रत्येक शब्द रोज भेटतो, म्हणून प्रगती डोळ्यांना दिसते; दुसऱ्या वर्षी शिकलेले रूप पंधरा दिवसांनी एकदा भेटते, म्हणून कष्ट तेवढेच असूनही हाती काही लागले नाही असे वाटते. अशा वेळी आजची तुलना कालशी न करता सहा महिन्यांपूर्वीच्या धड्याशी करावी, आणि तो धडा खरोखर काढून वाचावा. मुक्ताने तो वाचला तेव्हा त्या काळी आपण कुठे अडलो होतो, हे तिला आठवेना. मातृभाषेची वही ठेवावी, मात्र तिच्यात फसवे शब्दही लिहावेत. उझ्बेकमध्ये ‘दफ्तार’ म्हणजे वही, पाठीवरचे दप्तर नव्हे. वर्गात रोज एक वाक्य चुकण्याची तयारी ठेवून बोलावे, आणि ते घरून जुळवून नेऊ नये. मात्र झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल आणि हे अनेक आठवडे चालले असेल, तर प्रश्न प्रत्ययांचा नाही असे समजून वेळेवर तज्ज्ञाकडे जावे.

मुक्ताला आणखी दोन भेटी पुरल्या. वर्गात ती चुकत बोलू लागली, आणि तिच्या बाईंनी तिला मध्येच थांबवून दुरुस्त केले तेव्हा आपल्याला रडू आले नाही, हे तिने मला मुद्दाम कळवले.

पुढच्या उन्हाळ्यात ती ताश्कंदला गेली. आपल्याकडे हे नाव काढले की 1966 चा करार आणि लालबहादूर शास्त्रींचे निधन आठवते. तिने मात्र मला चोरसू बाजारातून लांबलचक निरोप पाठवला. जर्दाळू विकणाऱ्या आजींचे बोलणे तिला पहिल्यांदा समजले नाही आणि दुसऱ्यांदाही समजले नाही. तिसऱ्यांदा भाव कळला, पण अर्धा किलो मागताना काहीतरी घोटाळा झाला आणि पदरात दोन किलो पडले. त्याआधी आजींनी एक जर्दाळू पुढे करून "येब कोरिंग" म्हटले होते. "मॅडम, ते मला थेट ‘खाऊन बघा’ असंच ऐकू आलं," एवढे लिहून तिने खाली पिशवीचा फोटो जोडला होता.