नियुक्तीपत्र नाही, तरी सहा वर्षांच्या नोकरीवरून काढलं. वहिनींना काही मिळेल का?

मिळेल. कागद दिला नाही ही चूक मालकाची, त्याची शिक्षा वहिनींना नाही. रत्नागिरीकडच्या मासळी कारखान्यांत तोंडी कामावर घेणं फार चालतं, म्हणून आधी पुरावे गोळा करा: पगार जमा होणारं बँक पासबुक, पीएफचं पासबुक, गेटपास, सोबतच्या बायकांची नावं.

मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं का, ते मोजा. पगारी रविवार आणि सुट्ट्याही यात धरतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कारखाना बंद असतो, म्हणून हिशोब नीट तारखांनिशी करा. दिवस भरत असतील तर कामगारकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. गैरवर्तनाचं कारण सांगत असतील, तर चौकशी झाली होती का, ते विचारा.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार मालकाने द्यायची रक्कम, ती वेगळी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले सहा: ४५,००० रुपये. हंगामी कारखाना असेल तर मात्र दर हंगामाला सातच दिवसांचा पगार धरतात. पीएफ तर त्यांचाच पैसा, तो कुणी अडवू शकत नाही.

आणि कृपा करून कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू देऊ नका! ‘हिशोब मिळेल’ म्हणून सही घेतात आणि तिथेच दावा कमकुवत होतो. लेखी तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात याच आठवड्यात द्या, पोच घ्या.