सुडोकू शिकायचंय, पण गणित कच्चं आहे. जमेल का?

जमेल. यात बेरीज-वजाबाकी नसतेच. अंकांच्या जागी क, ख, ग लिहिलं तरी कोडं तेच राहील.

९ आडव्या ओळी, ९ उभ्या, एकूण ८१ घरं. जाड रेषांनी त्यांचे ३ बाय ३ चे ९ चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि चौकोनात १ ते ९ हे अंक एकेकदाच यायला हवेत. छापलेले अंक हलवायचे नाहीत. झाले नियम!

खरी गंमत शोधण्यात आहे. जास्त वेळा दिसणारा अंक आधी धरा, समजा ७. वरच्या तीन चौकोनांपैकी दोघांत ७ असेल, तर तिसऱ्यात तो उरलेल्या आडव्या ओळीतच बसणार. म्हणजे फार तर तीन घरं. मग उभ्या ओळींत ७ कुठे आहे ते बघा, बहुतेकदा एकच घर उरतं.

अंदाजाने अंक ठोकू नका. मी ठाण्याहून स्लो लोकलमध्ये (बसायला मिळालं तर) पेपरातलं कोडं सोडवतो. मुलुंडला ठोकलेली चूक भायखळ्याला कळते, आणि हातात पेन असेल तर कोडं वाया गेलंच. पेन्सिल ठेवा.