विनिमय सत्रासाठी बर्लिन निवडावे की उप्साला?
एकाच सत्रासाठी परदेशी विद्यापीठात शिकायला जायचे असेल आणि शिक्षण इंग्रजीतून हवे असेल, तर स्वीडनमधील उप्साला निवडावे. शहराच्या नावापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे असते: उप्सालाचे शरद सत्र ऑगस्टअखेर सुरू होऊन जानेवारीच्या मध्यास संपते, तर बर्लिनमधील हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, आणि मूळ विद्यापीठाचे पुढचे सत्र जानेवारीतच सुरू होत असल्यास तेथेच घोडे अडते. शिवाय उप्सालात बहुधा ७.५ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) एक विषय पाचेक आठवड्यांत परीक्षेसह संपवून मगच पुढचा घेतात. त्यामुळे सत्राचे ३० श्रेयांक टप्प्याटप्प्याने हाती येतात. मात्र जर्मन भाषा शिकणे हाच मुख्य हेतू असेल, तर बर्लिनला पर्याय नाही.