शाकाणू म्हणजे काय, आणि जिवाणू वनस्पतीत मोडतात का?

प्रश्न असा आलाय की घरातल्या एका जुन्या हिंदी आरोग्याच्या पुस्तकात बॅक्टेरियाला 'शाकाणु' म्हटलंय, शाक म्हणजे तर पालेभाजी, मग जिवाणू वनस्पती आहेत का? आणि नसतील तर बुरशीत धरायचे का?

दोन्हीत नाही. पण शब्द करणाऱ्याला हसू नका, कारण त्या काळच्या शास्त्राप्रमाणे तो बरोबरच होता. फोड सरळ आहे, शाक अधिक अणू. तेव्हा सजीवांचे खाते दोनच, प्राणी नाहीतर वनस्पती, आणि जे तोंडाने खात नाही, ज्याच्या पेशीला भिंत आहे ते सगळं वनस्पतीच्या खात्यात जायचं. बुरशी, अळंबी, शेवाळ सगळं तिकडेच. १८५७ साली नेगेली या स्विस वनस्पतीशास्त्रज्ञाने जिवाणूंना जे नाव दिलं त्याचा अर्थच 'दुभंगणाऱ्या बुरश्या' असा होतो, आणि नंतर फर्डिनांड कोन (हाही वनस्पतीवालाच) म्हणाला की यांचं नातं निळ्या-हिरव्या शेवाळाशी जास्त आहे, म्हणून त्याने दोघांचा एक गट करून 'दुभंगणाऱ्या वनस्पती' असं नाव ठेवलं. म्हणजे बुरशी की वनस्पती हा तुमचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी त्यांनाही पडलेला.

गंमत म्हणजे कोनचं निरीक्षण पक्कं होतं, फक्त निष्कर्ष उलटा निघाला. ते निळं-हिरवं शेवाळच मुळात जिवाणू निघालं! पावसाळ्यात गच्चीच्या कोपऱ्यात किंवा अंगणात काळपट हिरवे, जेलीसारखे लिबलिबीत पापुद्रे येतात बघा, पाय घसरतो त्यावरून, उन्हात वाळले की काळ्या खपलीसारखे होतात आणि पाणी पडलं की परत फुगतात, ते बहुतेक वेळा नॉस्टॉक असतं, म्हणजे जिवाणूच, उन्हावर स्वतःचं अन्न करणारे. शेजारी भिंतीवर मखमलीसारखं हिरवंगार असतं ती मात्र खरी वनस्पती, मॉस. आपण दोघांनाही शेवाळच म्हणतो आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही.

मग खाती कधी बदलली? हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच एकपेशीय मंडळींचं तिसरं खातं काढलं होतं पण ते लगेच सगळ्यांनी मानलं असं नाही. खरा फरक स्पष्ट झाला तो पेशीच्या आत नीट बघता यायला लागल्यावर, जिवाणूच्या पेशीत पडद्यात गुंडाळलेलं केंद्रकच नसतं, वनस्पतीत, बुरशीत आणि आपल्यात असतं. शाळेच्या पुस्तकात आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी म्हणतात ते हेच. १९६९ ला व्हिटेकर या शास्त्रज्ञाच्या पाच सृष्टी, म्हणजे सजीवांची पाच मोठी खाती आली, त्यात जिवाणू मोनेरात (केंद्रक नसलेल्यांचं खातं) आणि बुरशीलाही स्वतःचं घर मिळालं. १९७७ मध्ये वूझ आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी रायबोसोमच्या (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) आरएनएची तुलना करून मोनेरातूनही आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळाचे सूक्ष्मजीव, वेगळे काढले. आणि बुरशी तर वनस्पतीपेक्षा प्राण्यांच्या जवळची निघाली, म्हणजे नात्याने बघितलं तर मश्रूम पालकापेक्षा कोंबडीला जवळचं, हे जेवायला बसल्यावर सांगू नका कुणाला.

जुन्या समजुती नावांत मात्र चिकटून बसल्यात आणि मला यातच जास्त मजा वाटते. क्षयाचा जंतू मायकोबॅक्टेरियम, यातलं 'मायको' म्हणजे ग्रीकमध्ये बुरशी, कारण द्रवावर वाढताना त्याची बुरशीसारखी साय धरते. त्या क्षयावर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ चं, ते मिळालं स्ट्रेप्टोमायसिसपासून, ज्याच्या नावात परत बुरशी! तोही जिवाणूच, फक्त धाग्याधाग्याने वाढतो म्हणून असल्यांना बरीच वर्षं बुरशीतच धरायचे. पहिल्या पावसात मातीचा वास येतो तो मुख्यतः याच मंडळींमुळे. म्हणजे मारणारा बुरशी नाही, मरणारा बुरशी नाही, नावं दोघांची बुरशीची.

व्यवहारात हा फरक कळायलाच हवा. डाळिंबावरचा तेल्या जिवाणूमुळे होतो, त्यावर नुसतं कार्बेन्डाझिम मारून काही होत नाही कारण ते बुरशीचं औषध. उलट गजकर्ण बुरशीचं, त्यावर पेनिसिलिन घेऊन उपयोग शून्य, कारण पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही आणि बुरशीची भिंत वेगळ्याच मालाची असते, कायटिनची, झुरळाच्या कवचात असतं तेच.

तर शाकाणू आता वापरू नका, जिवाणू लिहा (काही जण जीवाणू लिहितात, चालतं). सूक्ष्मजंतू हा शब्द मोघम आहे, त्यात बरंच काही येतं. आणि खाली कुणीतरी 'गट फ्लोरा'ला (इंग्रजीतलं gut flora, गट म्हणजे आतडं) 'आतड्यातील वनस्पती' म्हणायचं का असं विचारलंय, तर नाही हो, फ्लोरा हाही त्या जुन्या खात्याचाच उरलेला शब्द आहे, 'आतड्यातले जिवाणू' म्हणा, सगळ्यांना कळतं.